चिनी कुंग फू शिकायचंय? शैली निवडण्यापासून हेनानला पोचेपर्यंत

कुंग फू शिकायचंय असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, कुठलं? बहुतेक वेळा उत्तर येतं, 'शाओलिन'. जरा खोदून विचारलं की कळतं, एकाला खरी झुंज शिकायची आहे, दुसऱ्याला कंबर-गुडघे सांभाळून व्यायाम हवाय, तिसऱ्याला स्पर्धेत उतरायचंय आणि चौथ्याला डोंगरातल्या मठात राहायची हौस आहे. या चौघांच्या वाटा वेगळ्या. पण चौघेही इंटरनेटवर सगळ्यात वर दिसणाऱ्या शाळेत पैसे भरून मोकळे होतात.

मी चेन शैलीचं ताई ची शिकायला चीनच्या हेनान प्रांतात राहिले आहे आणि तिथल्याच शाओलिन मठाजवळच्या डेंगफेंग शहरातल्या शाळाही फिरून पाहिल्या आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना ते लक्षात राहील. शैली कुठली यावर लोक महिनोन्‌महिने घालवतात, आणि शिकवणारा कोण हे विचारायला विसरतात. शिकवणारा नीट निवडा आणि त्याच्याकडून एकच ताओलू पक्कं करा. ताओलू म्हणजे ठरलेल्या हालचालींची सलग मालिका, कराटेवाले जिला काता म्हणतात ती.

१. खेळ हवा की परंपरा, ते आधी ठरवा

'वुशू' म्हणजे चिनी युद्धकला. आज या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात.

पहिली म्हणजे स्पर्धेचा खेळ. १९५० च्या दशकात चीन सरकारने जुन्या शैलींमधून हालचाली निवडून त्यांना ठरावीक साचा दिला, गुणांकनाचे नियम बनवले. त्यातून आजचं स्पर्धात्मक वुशू उभं राहिलं. आंतरराष्ट्रीय वुशू महासंघ १९९० मध्ये स्थापन झाला आणि त्याच वर्षी बीजिंगच्या आशियाई खेळांत वुशू आलं. या खेळाचे दोन भाग आहेत. ताओलूमध्ये १४ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद गालिच्यावर उड्या, गिरक्या, तोल आणि नेमकेपणा दाखवायचा. सांदामध्ये समोर खरा प्रतिस्पर्धी असतो: ठोसे, लाथा, उचलून आपटणं, दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्या. भारताचं नाव झालं आहे ते मुख्यतः सांदामध्ये. मणिपूरच्या रोशिबिना देवी नाओरेमने २०१८ च्या आशियाई खेळांत कांस्य आणि पुढच्या, हांगझौच्या आशियाई खेळांत रौप्य मिळवलं.

दुसरी गोष्ट म्हणजे पारंपरिक शैली. गावोगावी, घराघरांत, गुरूकडून शिष्याकडे आलेल्या. त्यांत गालिचा नाही, गुण नाहीत, आणि कित्येकदा बघायलाही फार काही नसतं. म्हातारा गुरू अंगणात उभा राहतो, हात जरासा हलवतो आणि समोरचा दोन पावलं मागे जातो.

तुमचं वय वीसच्या आत असेल आणि पदक, प्रमाणपत्र, खेळाडू म्हणून ओळख हवी असेल, तर चीनची वाट धरायची गरज नाही. राज्य वुशू संघटनेशी जोडलेला प्रशिक्षक शोधा. पस्तिशीनंतर स्पर्धेतल्या ताओलूच्या मागे लागू नका, त्यातल्या उड्या लहानपणी तयार झालेल्या शरीरासाठीच बसवलेल्या असतात. पारंपरिक शैलींना वयाची अट नाही. या लेखाचा पुढचा भाग प्रामुख्याने त्यांच्याबद्दल आहे.

२. शैलींचा नकाशा डोक्यात बसवा

शैली शेकड्यांनी आहेत. सगळ्या पाठ करायच्या नाहीत, पण कुणी नाव घेतलं तर ते नकाशावर साधारण कुठे पडतं एवढं कळायला हवं. नाहीतर आपल्याकडच्या एखाद्या क्लासच्या पाटीवर 'शाओलिन-विंग चुन-ताई ची' असं एका दमात लिहिलेलं दिसेल आणि तुम्हाला त्यात काही खटकणार नाही.

चिनी लोकांत एक म्हण आहे: दक्षिणेची मूठ, उत्तरेची लाथ. ढोबळ आहे, पण सुरुवातीला बरी पडते.

उत्तरेकडे लांब पवित्रे, लांब हात, उंच लाथा. शाओलिनच्या बहुतेक शैली यात येतात. हुई मुस्लिम समाजाने जपलेली चा छुआन याच कुळातली, आणि तिच्याबरोबर शिकवली जाणारी थान थुईसुद्धा. थान थुईच्या दहा किंवा बारा छोट्या ओळी असतात. नवख्या माणसाला पाय आणि कंबर जोडायला यापेक्षा सोपं साधन मी पाहिलेलं नाही. शानतोंगमध्ये खंडोबाच्या किड्यावरून बेतलेली थांगलांग शैली आहे, तिच्यात मनगटाचा आकडा करून समोरच्याचा हात ओढतात. आणि हेबेईत त्सांगझौजवळच्या मेंगछुनची बाजीछुआन. ही उत्तरेचीच, पण अगदी अंगाला भिडून कोपर आणि खांद्याने मारणारी. म्हणजे ती म्हण इथेच तोंडघशी पडते.

दक्षिणेत ग्वांगदोंग आणि फुज्यान हे दोन प्रांत महत्त्वाचे. पवित्रे घट्ट, पाय जमिनीत रोवलेले, हातांचं काम जास्त. प्रसिद्ध गुरू वाँग फेइ-हुंग यांच्यामुळे घराघरांत पोचलेली हुंग गार, चान हेउंग यांनी १८३६ मध्ये सुरू केलेली चॉय ली फट, फुज्यानची श्वेत क्रौंच शैली. ओकिनावाच्या कराटेवर या फुज्यानी शैलींची छाप आहे, त्यामुळे गोजू-र्‍यू कराटे केलेल्यांना त्यांतल्या काही गोष्टी ओळखीच्या वाटतील.

विंग चुनबद्दल जास्त विचारणा होते, म्हणून थोडं सविस्तर. आज जगभर पसरलेलं विंग चुन बहुतांशी इप मान यांच्या शाखेचं. ते ग्वांगदोंगमधल्या फोशानचे, पुढे हाँगकाँगला गेले आणि तिथे १९७२ मध्ये वारले. ब्रूस ली तरुणपणी त्यांच्याकडे शिकला. हाताची तीन ताओलू, मग लाकडी पुतळा, लांब काठी आणि जोड सुरे, एवढाच अभ्यासक्रम. म्हणजे पाठ करायला फार थोडं आणि घोटायला आयुष्यभराचं. ज्याला जागा कमी आहे, उड्या नको आहेत, पण जोडीदाराबरोबर हाताला हात लावून सराव हवा आहे, त्याच्यासाठी ही उत्तम.

तिसरा गट 'अंतर्गत' म्हणवल्या जाणाऱ्या शैलींचा: ताईजीछुआन म्हणजे आपलं ताई ची, बागुआचांग आणि शिंगयीछुआन. अंतर्गत विरुद्ध बाह्य ही विभागणी १६६९ च्या एका समाधिलेखात सापडते. पण या तिघींना एकत्र बांधून लोकप्रिय करण्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुन लुतांग यांचा वाटा मोठा. त्यांनी तिन्हींवर लिहिलं आणि स्वतःची ताई ची शाखाही काढली. शिंगयीमध्ये पाच मूळ प्रहार, सरळ रेषेत पुढे घुसायचं. बागुआमध्ये वर्तुळावर चालत राहायचं. ही शैली बीजिंगमध्ये दोंग हायचुआन यांनी शिकवली. त्यांचे एक नामवंत शिष्य छेंग तिंगहुआ चष्म्याचे कारागीर होते. बागुआचं वर्तुळ पहिल्यांदा चालून पाहाल तेव्हा चक्कर येईल. ते स्वाभाविक आहे.

ताई चीत पाच मुख्य घराणी, आणि आपल्या गाण्यातल्या घराण्यांसारखीच ती एकमेकांतून फुटलेली. मूळ हेनानमधल्या वेन परगण्यातल्या चेनजियागौ गावात. सतराव्या शतकातले चेन वांगतिंग यांच्यापासून गावकरी परंपरा मोजतात. एकोणिसाव्या शतकात चेन चांगशिंग यांनी गावाबाहेरच्या यांग लुचानला शिकवलं आणि तो ही कला बीजिंगला घेऊन गेला. त्यातून यांग घराणं. मग वू, आणखी एक वेगळं वू, आणि सुन. दोन्ही वू घराण्यांची चिनी अक्षरं वेगळी आहेत, पण आपल्या लिपीत फरक दिसत नाही, म्हणून शिक्षकाला संस्थापकाचं नाव विचारा: वू युशियांग की वू ज्यानछुआन? जो नाव सांगू शकत नाही त्याच्याकडे थांबू नका.

सकाळी बागेत ज्येष्ठ मंडळी जे २४ हालचालींचं ताई ची करतात ते यापैकी कुठल्याच घराण्याचं पूर्ण रूप नाही. यांग शैलीवरून सरकारी क्रीडा आयोगाने १९५६ मध्ये केलेली ती सोपी आवृत्ती. वाईट अजिबात नाही. पण ते शिकून 'मी पारंपरिक ताई ची शिकलो' असं म्हणू नये इतकंच.

३. दंतकथा ऐका, त्यावर पैसे लावू नका

आपल्याकडे सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे बोधिधर्म. दक्षिण भारतातून गेला, नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून बसला आणि भिक्खूंना कुंग फू शिकवलं. सांगताना छाती फुगते. पण त्याचा व्यायामाशी संबंध जोडणारं पुस्तक १६२४ चं, म्हणजे त्याच्या काळानंतर हजारएक वर्षांनी आलेलं. चिनी संशोधक तांग हाओ यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच हे आणि ताई चीचं जांग सानफेंग या ताओ सिद्धाला दिलं जाणारं श्रेय, दोन्ही खोडून काढलं.

मठाचा भारताशी खरा धागा वेगळा आहे. शाओलिन ४९५ मध्ये उभारलं गेलं ते बातुओ या भारतीय भिक्खूसाठी. ६२१ मध्ये मठातल्या तेरा भिक्खूंनी पुढे तांग घराण्याचा सम्राट झालेल्या ली शिमिनला युद्धात मदत केली, त्याचा उल्लेख ७२८ च्या शिलालेखात आहे. आणि मिंग राजघराण्याच्या काळात शाओलिनची ख्याती होती ती मुठीपेक्षा काठीसाठी. मर्दानी खेळात लाठी फिरवलेली कोल्हापूरकर मुलं डेंगफेंगला गेली तर काठीच्या वर्गात त्यांची पहिली अडचण वेगळीच असेल. तिथे गोल फिरवण्यापेक्षा टोकाने सरळ भोसकणं आणि जमिनीवर आपटणं जास्त, त्यामुळे मनगटाची जुनी सवय मोडावी लागते.

हे सगळं सांगण्याचं कारण व्यवहाराचं आहे. 'बोधिधर्माने शिकवलेलं गुप्त तंत्र' म्हणून जो जास्त शुल्क मागतो, तो तुम्हाला गोष्ट विकतोय.

४. स्वतःचा हिशेब मांडा

शिक्षक शोधण्याआधी कागदावर उत्तरं लिहा. रोज सलग किती वेळ देता येईल? गुडघा, कंबर, मान यांपैकी काय दुखतं? समोरच्याचा फटका अंगावर घ्यायची तयारी आहे का? सरावाला जागा किती, फ्लॅटमधला हॉल की मैदान?

रोज अर्धा तास आणि हॉलएवढी जागा असेल तर विंग चुन, शिंगयी किंवा ताई चीचा एखादा तुकडा. मैदान, चांगले गुडघे आणि घाम गाळायची हौस असेल तर उत्तरेच्या लांब शैली. झुंजच हवी असेल तर सरळ सांदा, पारंपरिक शैलीतून झुंजीपर्यंत पोचायला वर्षं जातात.

गुडघ्यांबद्दल आणखी थोडं. 'ताई ची म्हणजे हळू, म्हणजे सुरक्षित' हा समज सगळ्यात जास्त नुकसान करतो. वजन एका पायावर असताना पाऊल जमिनीला चिकटलेलं ठेवून गुडघा आत-बाहेर पिळला की हळूहळू तो दुखायला लागतो. वळण खुब्याच्या सांध्यातून यायला हवं आणि गुडघा पावलाच्या दिशेतच राहायला हवा. पहिल्या धड्यात जो शिक्षक हे सांगत नाही, त्याच्याकडे दुसरा धडा घेऊ नका. पवित्रा किती खाली, हा मानाचा प्रश्न करायचा नाही.

५. शिक्षक पारखा

आपल्याकडे असो की चीनमध्ये, हेच विचारा:

- तुम्ही कुणाकडे शिकलात, किती काळ, आणि त्यांचे गुरू कोण? उत्तर साधं, पटकन आणि तपासता येईल असं हवं.
- पहिल्या वर्षी काय शिकवाल? 'एक ताओलू आणि मूळ पवित्रे' हे चांगलं उत्तर. 'सहा ताओलू, तलवार, भाला आणि ब्लॅक बेल्ट' हे धोक्याचं. पारंपरिक चिनी शैलींत पट्ट्यांची पद्धत मुळात नाही. चीनमध्ये नऊ पायऱ्यांची सरकारी 'दुआन' श्रेणी आहे, ती गेल्या शतकाच्या शेवटी आली.
- या हालचालीचा उपयोग काय? एखादी हालचाल दाखवा आणि जोडीदारावर करून दाखवायला सांगा. नुसत्या व्यायामासाठी शिकवत असले तरी त्यांना उपयोग माहीत हवा.
- जुने विद्यार्थी कुठे आहेत? पाच वर्षं टिकलेला एकही विद्यार्थी नसेल तर त्याचं कारण शोधा.

शाओलिनच्या बाबतीत एक सापळा खास. '३४ व्या पिढीचे शाओलिन योद्धा भिक्खू, शी यान अमुक' अशी ओळख फार दिसते. मठाच्या नामपरंपरेत पिढीनुसार अक्षर ठरलेलं असतं हे खरं: योंग ३३ वी पिढी, यान ३४ वी, हेंग ३५ वी. पण अशी नावं मठात न राहिलेल्या बाहेरच्या शिष्यांनाही मिळतात. नावावरून माणूस भिक्खू आहे की नाही हे कळत नाही आणि तो चांगला शिकवतो की नाही हे तर मुळीच कळत नाही.

दुसरा सापळा 'बायशी'चा. बायशी म्हणजे गुरूला चहा देऊन, नमस्कार करून रीतसर शिष्य होण्याचा विधी. खरा गुरू त्यासाठी वर्षानुवर्षं पारखतो. महिनाभरात, पाकीट घेऊन आणि फोटो काढून हा विधी करून देणारे भेटतील. नम्रपणे 'माझी अजून योग्यता नाही' म्हणा. हे वाक्य तिथे कुणाला खुपत नाही, उलट मान वाढतो.

६. चीनला जायचंच असेल तर कुठे?

किमान वर्षभर इथे सराव झाल्याशिवाय जाऊ नका. तिथल्या महिन्यात पवित्रे शिकण्यात वेळ घालवण्यापेक्षा ते दुरुस्त करून घेण्यात घालवा.

डेंगफेंग, हेनान. सोंगशान डोंगराच्या पायथ्याचं शहर, झेंगझौहून बसने साधारण दोन तास. शाओलिन मठ इथून जवळ. पण तुम्ही शिकणार मठात नाही, शहरातल्या किंवा आसपासच्या खासगी शाळेत. शाळेच्या नावात 'शाओलिन' असलं तरी ती मठाची असेलच असं नाही. इथल्या मोठ्या निवासी शाळा प्रचंड आहेत, हजारोंनी चिनी मुलं शाळेच्या अभ्यासाबरोबर वुशू शिकतात. परदेशी लोकांसाठी वेगळा विभाग असतो किंवा छोट्या वेगळ्या शाळा. शिस्त कडक, पहाटे धावणं, पाय ताणणं, दिवसातून दोन-तीन सत्रं. तरुण आणि दणकट असाल तर मजा येईल.

चेनजियागौ, हेनान. याच प्रांतात, पिवळ्या नदीच्या उत्तरेला. गावात दर काही घरांमागे एक ताई ची शाळा. इथे 'लाओज्या यीलू' म्हणजे जुन्या चौकटीचं पहिलं ताओलू शिकवतात, सत्तरपेक्षा जास्त हालचालींचं. एका महिन्यात ते 'संपवून देऊ' म्हणणाऱ्या शाळेत जाऊ नका, त्यातला पहिला चतुर्थांश नीट दुरुस्त झाला तरी पैसे वसूल. लाओज्या की शिनज्या हे आधीच विचारून घ्या. शिनज्या म्हणजे चेन फाके यांच्यापासून आलेली नवी चौकट, आणि दोन्हींची सरमिसळ सुरुवातीला घोळ घालते. गावात परंपरा टिकली त्याचं मोठं श्रेय चेन झाओपी यांना. ते १९५८ मध्ये परत आले आणि त्यांनी ज्या पिढीला शिकवलं, तीच पुढे जगभर फिरली. आज शिकवणारे बहुतेक जण त्या पिढीचे शिष्य किंवा नातलग आहेत, त्यामुळे घराणं तपासणं इथे सोपं जातं.

वुदांग, हुबेई. ताओ मठांचा सुंदर डोंगर. तिथल्या ताओलूंचा जुना इतिहास विचारलात तर उत्तरं धूसर मिळतील. निसर्ग, ध्यान आणि तलवार यांची ओढ असेल तर जा.

दक्षिणेच्या शैलींसाठी फोशान आणि हाँगकाँग. १९४९ नंतर कित्येक दक्षिणी गुरू हाँगकाँगमध्ये स्थिरावले. भारतीय पासपोर्टवर हाँगकाँगला जायच्या आधी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते आणि तिच्यावर १४ दिवस राहता येतं. मुख्य भूमीच्या चीनसाठी व्हिसा वेगळा.

७. कागदपत्रं जमवा

भारतीयांसाठी २०२० पासून थांबलेले पर्यटन व्हिसा जुलै २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून थेट विमानंही. तरी अर्ज करायच्या आठवड्यात दूतावासाच्या संकेतस्थळावरचे नियम पाहा, ते बदलतात.

थोड्या दिवसांसाठी बघायला जाणाऱ्यांचा व्हिसा 'एल' प्रकारचा. शिकायलाच जात असाल तर 'एक्स २' मागा, तो १८० दिवसांपर्यंतच्या शिक्षणासाठी असतो. त्याहून जास्त काळासाठी 'एक्स १', आणि तो असेल तर पोचल्यावर ३० दिवसांत राहण्याचा परवाना काढावा लागतो. एक्स व्हिसासाठी शाळेचं प्रवेशपत्र लागतं, आणि परदेशी विद्यार्थी घ्यायची परवानगी असलेल्या संस्थाच ते देऊ शकतात. म्हणून शाळेला पहिल्याच संदेशात विचारा: 'तुम्ही एक्स २ साठी प्रवेशपत्र देता का?' 'पर्यटक म्हणून या, इथे आल्यावर बघू' असं उत्तर आलं तर दुसरी शाळा शोधा.

यादी:

- पासपोर्ट, किमान सहा महिन्यांची मुदत आणि दोन कोरी पानं
- पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा ३३ बाय ४८ मिलिमीटरचा फोटो (आपल्याकडचा नेहमीचा पासपोर्ट फोटो चालत नाही)
- ऑनलाइन भरलेला अर्ज, छापून आणि सही करून
- शाळेचं प्रवेशपत्र, किंवा पर्यटनासाठी तिकीट आणि हॉटेलचं आरक्षण
- बँकेचं विवरण, नोकरी असेल तर रजेचं पत्र
- १८ वर्षांखालच्यांसाठी जन्मदाखला आणि आईवडिलांचं संमतीपत्र
- प्रवास विमा

विम्याची बारीक अक्षरं वाचा. अनेक पॉलिसींमध्ये झुंजीच्या खेळात झालेली दुखापत वगळलेली असते. घोटा मुरगळला तरी खर्च खिशातून जाईल.

शाळेला पैसे एकदम भरू नका. महिन्याचे भरा, पुढचे तिथे राहून पटल्यावर. शुल्कात राहणं, जेवण, गणवेश, शस्त्र, एकट्याची शिकवणी यांतलं काय धरलंय ते लेखी घ्या.

पोचल्यापासून २४ तासांत स्थानिक पोलिसांकडे राहण्याच्या ठिकाणाची नोंद व्हावी लागते. हॉटेल ती आपोआप करतं. शाळेत उतरलात तर शाळेला आठवण करून द्या, नोंदीची पावती जपून ठेवा.

८. बॅग भरा

हेनानचा हिवाळा गोठवणारा, जुलै-ऑगस्ट भट्टी. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरे. पहिल्या आठवड्याची राष्ट्रीय सुट्टी सोडून ऑक्टोबर घ्या, त्या दिवसांत रेल्वेत पाय ठेवायला जागा नसते.

पातळ, सपाट तळाचे बूट तिथे स्वस्त मिळतात, इथून फक्त एक जुनी जोडी न्या. जाड गादीचे धावायचे बूट पवित्र्यांना निरुपयोगी. गुडघ्याचे पट्टे, तुमची नेहमीची औषधं, मालिशचं तेल. गणवेश नेऊ नका.

फोनमध्ये अलीपे आणि वीचॅट ही पैसे द्यायची ॲप निघण्याआधी टाका, आपलं आंतरराष्ट्रीय कार्ड जोडा, थोडे रोख युआनही ठेवा. गूगल आणि व्हॉट्सॲप तिथल्या सिमवर चालत नाहीत. आपल्या सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं तर चालतं. भाषांतराचं ॲप ऑफलाइन चिनीसह उतरवून घ्या.

शाकाहारी मंडळींनी 'वो छ्‌ सू' हे तीन शब्द पाठ करावेत, म्हणजे 'मी शाकाहारी आहे'. तरीही मटणाच्या पाण्यात शिजलेल्या नूडल्स समोर येतील, कारण हेनानच्या प्रसिद्ध हुइमियनचा रस्साच मटणाचा असतो. मानथौ म्हणजे वाफवलेले पाव, टोफू, भाज्या आणि अंडं चालत असेल तर अंडं-टोमॅटो यांवर छान निभतं. मेतकूट आणि लोणचं न्या, शाळेच्या जेवणाला चौथ्या दिवशी त्यांची आठवण येते.

९. पहिले पंधरा दिवस

शिक्षकाला 'शिफू' म्हणायचं, नावाने हाक मारायची नाही. स्पर्धात्मक वुशूच्या प्रशिक्षकाला 'च्याओल्येन' म्हणतात. तुमच्या आधी आलेला मुलगा 'शिश्योंग' आणि मुलगी 'शिज्ये', म्हणजे दादा आणि ताई, मग ती सतरा वर्षांची असली आणि तुम्ही चाळिशीचे असलात तरी. वयाने नाही, यायच्या क्रमाने मान ठरतो. नमस्कार उजव्या मुठीवर डावा पंजा ठेवून. उलटा हात ठेवू नका, तो अशुभ प्रसंगाचा मानतात.

मा बू, गोंग बू, पू बू, शू बू, शिये बू हे पाच पवित्रे आधी घरी करून जा. मा बू म्हणजे घोड्यावर बसल्यासारखं उभं राहणं. तालमीत बैठका मारलेल्यांनाही तो जड जातो, कारण इथे वर यायचं नसतं. पहिले काही दिवस जिने उतरताना कठडा धरावा लागेल. मांडीचा स्नायू दुखला तर चालू ठेवा, सांध्यात टोचलं तर त्याच क्षणी थांबा आणि सांगा. 'चीनमध्ये आलोय, सहन करायलाच हवं' हा बाणा दाखवून कित्येक जण दुसऱ्या आठवड्यात खोलीत पडून असतात.

ताई चीच्या वर्गात दिवसभर एक शब्द कानावर पडेल, 'फांगसोंग', ढिलं सोड. खांदे खाली, कोपरं खाली. तुम्ही सोडलं असं वाटेल आणि शिफू येऊन खांद्यावर हात ठेवून दाबतील, तेव्हा कळेल की नव्हतं सोडलेलं. हात लावून केलेल्या या दुरुस्तीसाठीच एवढा खर्च केलाय, व्हिडिओतून ती मिळत नाही. त्यामुळे पुढची हालचाल शिकवा म्हणून मागे लागू नका. उलट रोज संध्याकाळी जे दुरुस्त झालं ते वहीत मराठीत लिहून ठेवा आणि परवानगी घेऊन शिफूंचा व्हिडिओ समोरून, मागून आणि बाजूने घ्या. मागून घेतलेला सगळ्यात कामाचा, कारण सराव करताना डावं-उजवं उलटं करावं लागत नाही.

वर्गात दुसऱ्या शैलीची तुलना काढू नका. 'यांगमध्ये हे असं करतात' असं म्हटलं की शिफू हसतील आणि त्या दिवशी तुम्हाला दुरुस्त करणार नाहीत.

१०. परत येताना

डेंगफेंगच्या बाजारात तलवारी, भाले, काठ्या पाहून हात शिवशिवतो. तलवार घेऊ नका. चीनच्या रेल्वे स्थानकांत सामानाची कसून तपासणी होते आणि बिनधारेचं सरावाचं पातंही अडवलं जाण्याची शक्यता मोठी. विमानात ते केबिनमध्ये चालणारच नाही, चेक-इनमध्येही कंपनीला आधी विचारावं लागतं, आणि इथल्या सीमाशुल्काचा प्रश्न उरतोच. सरावासाठी लाकडी तलवार पुरते. पांढऱ्या मेणलाकडाची काठी लवचीक आणि सुरेख असते, पण तिची लांबी विमान कंपनीच्या मर्यादेत बसते का ते विकत घेण्याआधी बघा. नाहीच जमलं तर बांबूवाल्याकडून आपल्या उंचीची सरळ, टोकाला बारीक होणारी काठी घ्या आणि तिला तेल लावून सावलीत आडवी ठेवा, उभी टेकवून ठेवली की वाकते.

पहिल्या महिन्यात नवीन काही शिकू नका. जे आणलं ते रोज एकदा पूर्ण करा आणि दर आठवड्याला वहीतल्या दोनच दुरुस्त्या धरून काम करा. शिफूंना वीचॅटवर व्हिडिओ पाठवायचा तर महिन्यातून एकच, आणि सणाला, विशेषतः वसंतोत्सवाला म्हणजे चिनी नववर्षाला, शुभेच्छा चुकवू नका. पुढच्या वेळी प्रवेशपत्र मागाल तेव्हा ते किती लवकर येतं यावरून या शुभेच्छांचा उपयोग कळेल.